चवळीखाऊ डॉक्टरचा कागद

मार्काला, २ मार्च १९९८

मोरिबा त्राओरे नावाच्या चवळीच्या पोत्यास,

जिवंत आहेस ना? की बामाकोच्या कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करता करता पोटातल्या चवळीने उचल खाल्ली आणि टाइपरायटरसकट उडालास? इकडे सगळं ठीक. असितान ठीक, धाकटा ठीक, माझं शिलाईचं मशीन ठीक. बकऱ्याच्या सणाला पाच आठवडे उरलेत आणि सगळ्या मार्कालाला एकाच सकाळी नवा पायघोळ बूबू घालून मिरवायचंय, तेव्हा माझी पाठ तेवढी ठीक नाही.

पत्र एवढ्यासाठी की तुझ्याच आडनावाच्या एका माणसाने मला परवा पोट धरून हसवलं. त्राओरे-जारांचं एकमेकांना गुलाम नि चवळीखाऊ म्हणायचं पिढीजात थट्टेचं नातं इस्पितळातसुद्धा सुटत नाही. आमच्या न्येलेच्या उजव्या जबड्यावर गाठ आली होती. आम्ही म्हटलं, दाढ येत असेल. तर दाढ यायच्याऐवजी दोन दात पडले. आठ वर्षांच्या पोरीचे दात पडायचेच, पण असितानने माझं डोकं खाल्लं, म्हणून बामाकोला घेऊन गेलो. हो, तुझ्या बामाकोला. तुझ्याकडे आलो नाही, कापडवाल्याकडे उतरलो. तुझ्या घरी काय शिजतं ते मला ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी गाठीत सुई घालून काहीतरी काढून घेतलं आणि तीन दिवसांनी या म्हणाले. गेलो. तिथे एक तरुण चष्मेवाला डॉक्टर. कार्डावर 'जारा' वाचलं आणि उभा राहून म्हणतो, ''या, या, माझे गुलाम आले! तुम्हाला पुढच्या दाराने कुणी सोडलं?'' मी म्हटलं, ''वासावरूनच ओळखलं, इथे त्राओरे बसलाय. आधी खिडकी उघडा.'' नर्स हसली. न्येलेही हसली, तिला सध्या एकाच बाजूने हसता येतं. तिला म्हणतो, ''तुझा पणजा आमची गाढवं राखायचा. बापाने सांगितलं नाही ना? लाजत असेल.''

आणि त्याच तोंडाने, तिला नर्सबरोबर बाहेर पाठवून म्हणतो, दाढ नाही, कॅन्सर आहे. आठवड्याच्या आत औषध सुरू करायला हवं. मी असा हसलो, असा हसलो की बाहेरची रांग दारातून डोकावायला लागली. म्हटलं, ''शाबास त्राओरे! तुमच्या खानदानात एवढी मोठी थाप अजून कुणी मारली नव्हती.'' तो चष्मा पुसत राहिला. नाटक चांगलं करतो. मग फ्रेंचमध्ये एक कागद लिहून दिला. मी बाहेर येऊन न्येलेला चवळीची भजी घेऊन दिली. (जाराच्या पोरीला चवळीची भजी आवडतात हे कुणाला सांगितलंस तर जीभ कापीन.) तिला चावली नाहीत, म्हणून मीच खाल्ली आणि आम्ही बसमध्ये बसलो.

कागद सोबत जोडतोय. मला फ्रेंच येत नाही. तुला येतं, तर वाच आणि त्यात चवळी बांधून ठेव.

तुझा मालक,
न्गोलो जारा


बामाको, ५ मार्च १९९८

श्री. न्गोलो जारा यांस सलाम.

तुमचं पत्र बसचालक सेकूने पोचवलं. सोबतचा कागद मी तीन वेळा वाचला. नंतर कामाला सुट्टी टाकून इस्पितळात गेलो आणि डॉक्टरांना भेटलो.

त्यांनी थाप मारली नव्हती. न्येलेला कॅन्सर आहे. या जातीचा कॅन्सर आपल्या भागातल्या मुलांना होतो. तो फार झपाट्याने वाढतो आणि औषध दिलं तर तितक्याच झपाट्याने विरघळतो, पण औषध वेळेवर मिळायला हवं. डॉक्टर म्हणाले की त्या दिवसापासून ते दर सकाळी रांगेत तुम्हालाच शोधतायत. पत्ता म्हणून कार्डावर तुम्ही नुसतं 'शिंपी' लिहिलंत.

कृपा करून तिला घेऊन लगेच निघा. माझं घर तुमचंच आहे.

आपला,
मोरिबा त्राओरे


मार्काला, १० मार्च १९९८

मोरिबा,

'तुम्ही'? 'कृपा करून'? 'श्री.'? तीस वर्षांत तू मला माणूस म्हटलं नाहीस. माझा बाप वारला तेव्हा मातीला आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, ''म्हातारा बरा सुटला, आता पोरगा फुकट राबायला मोकळा.'' मी रडता रडता हसलो होतो. आणि आज मला 'श्री. न्गोलो जारा' म्हणतोस! पत्र असितानला वाचून दाखवलं, ती आत निघून गेली. चूल पेटवायची राहिलीय म्हणाली. चूल पेटलेलीच होती.

मी समजलो. तू आणि तो चष्मेवाला एक झालात. दोन त्राओरे मिळून एका जाराला रडवणार आणि सणाला सगळ्या गावाला सांगणार. छान बेत आहे. पण त्राओरेच्या तोंडची गोष्ट जाराने खरी मानायची, असं कुठे झालंय का? एवढंच खरं असेल तर दुसऱ्या आडनावाच्या माणसाकडून निरोप पाठव. कुलीबाली नको, त्यांचंही आमच्याशी थट्टेचं नातं. कोने नको, ते आमचेच भाऊ, माझ्या तोंडावर वाईट बोलणार नाहीत. एखादा तुरे शोध. तुरे सांगेल तर मी ऐकेन.

न्येलेला मध्ये ताप होता म्हणून पत्राला उशीर झाला. आता बरी आहे. नुसती पेज पिते. उजवा डोळा जरा पुढे आल्यासारखा वाटतो. उजेडामुळे तसं दिसत असेल.

सणाची शिवण फार आहे. एवढंच.

न्गोलो


बामाको, १२ मार्च १९९८

अरे गुलामा, गुलामाच्या पोरा, गाढवांच्या राखणदाराच्या नातवा,

तुझ्याशी माणसासारखं बोलून बघितलं. चूक झाली. जाराला माणसाची भाषा कळत नाही, त्याला मालकाची भाषा लागते. तर ऐक. मी तुरे शोधायला जाणार नाही. तुऱ्यांना तुझ्यासारख्या बैलासाठी वेळ नाही.

मला तुझी पोरगी हवीय. लग्नासाठी नाही, घाबरू नकोस. जारांच्या घरात सोयरीक करण्याइतके वाईट दिवस आमच्यावर आलेले नाहीत. ती माझी गुलाम आहे. तू माझा, तुझी बायको माझी, तुझं मशीन माझं, पोरगीही माझी. इतके दिवस तुझ्याकडे सांभाळायला ठेवली होती. तुझा सांभाळ मी बघितला. आता परत दे.

रविवारच्या सकाळच्या बसला, सेकूच्या मागच्या बाकावर, न्येले आणि असितान. तू आलास तर डिकीत बस. सेकूला सांगून ठेवलंय की तुम्ही नसाल तर त्याने बस तुझ्या दुकानासमोर उभी करायची आणि भोंगा वाजवत राहायचं. बसमधले सगळे प्रवासी तुला शिव्या देतील, त्यात चारपाच त्राओरे असतीलच.

त्राओरेने मागितलं आणि जाराने नाही म्हटलं, असं तुझ्या बापाने केलं? आजाने केलं? मग तू कोण टिकोजीराव? थट्टेतल्या भावाने मागितलेलं नाकारलं तर काय अरिष्ट येतं ते तुला तुझ्या आजीने सांगितलंय, मला सांगायला लावू नकोस.

मी मागितलंय, न्गोलो. मी माझ्या आयुष्यात तुझ्याकडे चहासाठी साखरसुद्धा मागितली नाही. आज मागतोय.

मालक,
मोरिबा


मार्काला, २२ मार्च १९९८

मोरिबा,

सणाचं काम असल्यामुळे मला परत यावं लागलं, असं मी तुझ्या घरून निघताना सांगितलं. तू मान डोलावलीस. असितानने डोलावली नाही.

काम आहे हे खरं. पण मी पळून आलो. त्या पोरीच्या हातात सुई घालताना तिने माझा अंगठा धरला होता. तो सुटल्याबरोबर मी बसथांब्यावर होतो.

आता एक गोष्ट सांगतो. ती वाचून झाल्यावर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. मला त्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरने आधी थट्टा केली, मग चष्मा काढून पुसायला लागला. त्राओरे थाप मारतो तेव्हा डोळ्यांत बघून मारतो, अंगात भिनलेलं असतं तुमच्या. हा टेबलाकडे बघत होता. तो 'कॅन्सर' म्हणाला आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? देवाने उपकार केले, याचं आडनाव त्राओरे आहे. मला हसता येईल. आणि मी हसलो. हसत हसत तिला बसमध्ये बसवली. वाटेतलं सेगू शहर येईपर्यंत माझे गाल दुखत होते.

तुझ्याकडे आलो नाही तेही त्याचसाठी. तू माझं तोंड बघितलं असतंस.

कागद तुलाच का पाठवला, सांगतो. इथल्या शाळेच्या मास्तरांना फ्रेंच येतं, दवाखान्यातल्या नर्सला येतं. पण त्यांनी वाचून दाखवला असता तर मला ऐकावंच लागलं असतं. तू वाचलास तर मला म्हणता येणार होतं की त्राओरे बोलतोय, सोडून द्या. आणि तू सोडून देणार नाहीस, हेही मला माहीत होतं. मला दोन्ही हवं होतं. सोळा दिवस गेले यात. तिचा डोळा पुढे आला तो माझ्या भित्रेपणाने, हे मी रोज शिवताना स्वतःला सांगतो. काल एका बूबूला तीन बाह्या लावल्या.

आता एकच काम कर. कुठलं औषध, किती, रक्तात काय निघालं, ते मला लिहू नकोस, मला कळत नाही. फक्त एवढं लिही: तो चष्मेवाला तिला शिवी देतो का? आल्या आल्या दिली होती तशी. ज्या दिवशी देईल त्या दिवशी कळव.

न्गोलो


बामाको, २९ मार्च १९९८

न्गोलो,

शिव्या राखून ठेवल्यात, भेटल्यावर व्याजासकट देईन. लेखी दिल्या तर पुरावा राहतो, कोर्टाबाहेर बसून एवढं तरी शिकलोय.

गाठ निम्मी झाली. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. डोळाही आत गेलाय. केस गळायला लागलेत. असितान रोज उशीवरून गोळा करते आणि पदराला बांधून ठेवते, कशाला ते विचारायची माझी हिंमत नाही. पोरगी उलट्या करते आणि उलट्यांच्या मध्ये मला ''चवळीकाका, तुमच्या अंगाला वास येतो'' म्हणते. औषधामुळे नाक तेज झालंय म्हणे.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही. डॉक्टर शिवी देत नाही. येतो, 'झोप लागली का बाळ' विचारतो, असितानला 'तुम्ही जेवलात का' विचारतो, जातो. फार सभ्य आहे. मी दोनदा त्याला डिवचून बघितलं. त्याने नुसतं हसल्यासारखं केलं.

काल त्याला बाहेर गाठला आणि सरळ विचारलं. म्हणाला, ''दादा, मी त्या बापाशी थट्टा केली नसती तर त्याने माझं ऐकलं असतं. पोरीला हसवायला गेलो आणि तिचे सोळा दिवस घालवले. त्या दिवसापासून मी कुणाही जाराशी थट्टा करत नाही.'' बत्तीस वर्षांचा आहे रे तो. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवलंय. आजार डोक्याकडे गेलाय का ते त्यावरून कळेल. तो म्हणतो, तिथे गेला असेल तर तेही माझ्या माथी.

तुला कळलं होतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

मोरिबा


मार्काला, १ एप्रिल १९९८

मोरिबा,

सभ्य? झोप लागली का बाळ? या अल्ला. त्राओरे सभ्य झाला म्हणजे काय समजायचं, हे तुझ्या त्या 'श्री.'वाल्या पत्रापासून मला पाठ आहे.

त्याला काही सांगू नकोस. कोणत्या तोंडाने सांगणार? कळूनही पोरीला घरी नेणारा बाप, असं तिथल्या सगळ्या नर्स म्हणतील, आणि असितानला तिथे राहायचंय.

सेकूबरोबर पाच टोप्या पाठवतोय. सणाच्या उरलेल्या कापडाच्या आहेत. हिरवी चकाकणारी आहे ती आमच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांच्या बूबूतली. त्यांना कमी पडलं तर पडू दे, तसंही पोट आत ओढून घेतात. न्येलेला सांग, तिच्या डोक्यावर अर्धं मार्काला आहे.

तपासणीचं कळलं की लगेच लिही. आणि शिवीचं.

न्गोलो


बामाको, ४ एप्रिल १९९८

न्गोल्या,

दिली! आज सकाळी दिली. डॉक्टर आला, हिरवी टोपी बघितली आणि म्हणाला, ''जाराचं डोकं म्हणजे रिकामं मडकं, झाकलं काय आणि उघडं ठेवलं काय!'' सगळा वॉर्ड हसला. झालं समाधान? आता सण नीट कर. बकरा काप, मटण खा, बाह्या मोजून लाव.

मोरिबा


मार्काला, ९ एप्रिल १९९८

खोटारड्या,

सण केला. बकरा कापला. मटण ताटात घेतलं आणि तुझी ती शिवी पुन्हा आठवली, तेव्हा हसायला यायच्याऐवजी मी घास खाली ठेवला. रिकामं मडकं! ही शिवी तू माझ्या लग्नात, इमामसाहेब बसलेले असताना, मला फेटा बांधताना दिली होतीस. असितानच्या मावशीने तुला चमचा फेकून मारला होता. त्याचा डाग अजून तुझ्या कपाळावर आहे. स्वतःची शिवी डॉक्टरच्या तोंडात घालतोस?

म्हणजे त्याने दिली नाही. म्हणजे तपासणी अजून आली नाही, किंवा आली आणि तू लपवतोयस. मी इथे हसत हसत सगळं टाळलं, तर तू मला हसवून टाळायला लागलास. ही माझीच खोड तुला लागली. पुरे.

आता सण झाला, दुकानात माझ्यापुढे कापड नाही, म्हणून लपायलाही काही नाही. बहीण सासरी सणाला गेलीय. मंगळवारी परत आली की धाकट्याला तिच्याकडे ठेवतो आणि बुधवारच्या बसने निघतो. तिसऱ्या औषधाला नाही पोचलो तरी चौथ्याला, पाचव्याला, शेवटच्याला मी अंगठा घेऊन तिथे बसेन. न्येलेला सांग.

खालचा मजकूर डॉक्टरला वाचून दाखव. सगळ्यांसमोर वाचलास तरी चालेल, असितानसमोर तर वाचच.

''डॉक्टरसाहेब, मी न्येलेचा बाप. तुमची थट्टा मला थट्टा म्हणून कळली आणि तुमचं खरं मला खरं म्हणूनच कळलं. दोन्हींतला फरक न कळण्याइतका जारा मूर्ख नसतो, तुम्ही लोक काहीही म्हणा. मी हसलो कारण मी घाबरलो. पोरीला मी घरी नेली, तुम्ही नाही. ते सोळा दिवस माझे आहेत, ते मला परत द्या. तुम्ही माझ्या पोरीला हसवलंत, त्या खोलीत चांगलं घडलं ते तेवढंच. तुमच्या पायाशी माझी विनंती आहे की आमच्याशी सभ्यपणे वागू नका. मला झोप लागत नाही.''

न्गोलो जारा


बामाको, १३ एप्रिल १९९८

बाबा,

हे पत्र मी स्वतः लिहितेय. चवळीकाका म्हणाले की तुम्ही आता त्यांच्या अक्षरावर विश्वास ठेवत नाही. माझ्या अक्षरावर ठेवा. आज हाताला सुई आहे, म्हणून ओळी खाली गेल्यात.

काकांनी तुमचं पत्र डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. डॉक्टर खिडकीकडे गेले आणि खूप वेळ चष्मा पुसत होते. आई रडली. मग आई म्हणाली, बरं झालं, आणि तिने केसांची गाठ पदरातून सोडून कचऱ्यात टाकली. म्हणाली, नवीन येतील.

नंतर दुपारी डॉक्टर परत आले. मी जेवत होते. चवळीकाकांच्या घरून चवळी आली होती आणि मी ती चावून खाल्ली. दोन्ही बाजूंनी. डॉक्टर दारातच ओरडले, ''चोर! चोर! जाराची पोर आमची चवळी खातेय! हिच्या बापाला बोलवा, हिच्या पणजाला कबरीतून उठवा!'' सगळ्या नर्स धावत आल्या, त्यांना वाटलं खरंच काही झालं. मी म्हटलं, मी खाणार नव्हते, पण त्राओरेंनी शिजवली म्हणून दया आली. डॉक्टर खाली बसून हसले. मग त्यांनी माझा गाल दाबून बघितला. तिथे आता नुसता गाल आहे.

बाबा, मी चवळी खाल्ली म्हणून रागावू नका. मला अजून हवीय.

हिरवी टोपी सगळ्यांत छान आहे. बुधवारी नक्की या. अंगठा आणा.

तुमची न्येले

(खाली दुसऱ्या अक्षरात)

अरे गुलामा, पत्र ऐकलं. सोळा दिवस तुझे तर तुझे, घेऊन जा, मला तरी कुठे ठेवायचे होते. पाठीतलं पाणी स्वच्छ आलं. आजार वर गेलेला नाही. अजून तीन वेळा औषध द्यायचंय आणि पुढचं वर्षभर मी तिच्यावर नजर ठेवणार, तोवर पोरगी आमच्या ताब्यात. आणि रिकाम्या हाताने आलास तर गेटवरच अडवीन. चवळीचं एक पोतं खांद्यावर घेऊन ये, आमच्या वाट्याची तुझ्या पोरीने संपवली.

डॉ. त्राओरे, तुझा मालक